डावं वळण

एप्रिलमध्ये शाळेच्या पार्किंगमध्ये
हिवाळ्यात बर्फावर टाकलेली वाळू अजून पडलेली असते.
व्हर्लीन स्कॉगस्टॅड सकाळी सहाला येते,
लांब दांड्याच्या झाडूने आमच्यापुरती वाट झाडते,
मग नारिंगी शंकू मांडते,
पंगतीची पानं मांडावीत तसे,
मागे सरून, डोळा बारीक करून,
एखादा बोटभर हलवून.

आम्ही सातजण.
टर्कीच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून थेट आलेला सॉ ए डो,
निवृत्त पोस्टमन डेलमार,
घटस्फोटाच्या दुसऱ्या दिवशी नाव नोंदवणारी एक दंतवैद्य,
आणि मी, त्रेपन्न वर्षांचा,
पशुखाद्याच्या दुकानातला.

"जिकडे बघाल तिकडे जाल," व्हर्लीन ओरडते.
"खड्डा बघाल तर खड्ड्यात.
मान वळवा आधी. गाडी येते मागून,
शहाण्या कुत्र्यासारखी."
मी शंकू बघतो. शंकू पडतो.
दर वेळी तोच, डावीकडचा तिसरा.

दहाला रॉजर ब्लाहनिक कॉफी घेऊन येतो,
तीन चाकांच्या मोटारसायकलवर.
गिअर त्याने हाताशी आणून घेतलाय.
डावा पाय गुडघ्याखाली कार्बनचा,
त्यावर गावातल्या पोरांनी चिकटवलेली स्टिकरं.
मला कप देताना म्हणतो, "दूध नको, ना?"
त्याला माझ्याबद्दल पुष्कळ माहीत आहे.

सोमवारी व्हर्लीन चामड्याचं जाकीट घालून
राजधानीत, समितीपुढे.
एक आमदार चष्मा पुसत विचारतो,
"बाई, हेल्मेटची सक्ती नको म्हणता,
आणि वर्गात हेल्मेटशिवाय कुणाला
गाडीला हात लावू देत नाही. हे कसं?"
"वर्गात माझं ऐकतात," ती म्हणते,
"कारण मी आधी त्यांचं ऐकते.
तुमचं लक्ष आमच्या डोक्यावर.
मी आलेय चौकाबद्दल बोलायला.
समोरच्याचा रस्ता तोडून कुणीतरी डावीकडे वळतो,
माणसाचा पाय जातो,
आणि दंड पुढच्या टायरपेक्षा स्वस्त."
मागच्या बाकांवरची जाकिटं करकरतात.
टाळ्यांना मनाई आहे.

मग ती माझं नाव घेते.

दोन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर, दुपारचे चार,
धान्याच्या कोठारांशेजारचा चौक.
ऊन डोळ्यांवर होतं, असं कागदोपत्री आहे.
पोलिसाला म्हणालो, मला दिसला नाही.
विमावाल्याला, दिसला नाही.
बायकोला, पाद्र्याला, दाढी करताना आरशाला:
दिसला नाही.
किती मऊ वाक्य.
जसं काही दिसणं हे त्याचं काम होतं
आणि तेवढं त्याच्याकडून झालं नाही.

माईक थंड आहे.
"मी पाहिलं नाही," मी म्हणतो.
टंकलेखिका मान वर करते.
"दिसला नाही, असं लिहू?"
"नाही. पाहिलं नाही.
रेडिओचं बटण बघत होतो.
ऊन पाठीमागे होतं."

रॉजर दुसऱ्या रांगेत.
उन्हाचं त्याने आज पहिल्यांदा ऐकलं.
बराच वेळ तो छताकडे बघतो,
कार्बनचा पाय एकदा लांब करतो,
एकदा जवळ घेतो.

विधेयकाचं काय झालं ते अजून कळलेलं नाही.
शनिवारी भुरभुर होती, तरी वर्ग झाला.
दहा वाजले. साडेदहा.
कॉफी आली नाही.
व्हर्लीन काही बोलली नाही,
पडलेला शंकू उचलून होता तिथेच ठेवला,
"परत," म्हणाली.
मी मान वळवली
आणि शाळेच्या फाटकाकडे बघत
क्लच सोडला.